रिकामे शंख

“पटकन मरत नाहीत ना हे?” नानांनी विचारलं.

प्रश्न आठ वर्षांच्या ओवीला होता, पण नाना कमरेवर हात ठेवून उभे होते, अगदी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक असताना हॉटेलांच्या मोऱ्या तपासायला उभे राहायचे तसे. समोर टेबलावर काचेची पेटी. पेटीत ओली वाळू, झाडाची एक वाकडी फांदी, पाण्याच्या दोन वाट्या, आणि त्या वाळूवरून तीन शंख आपापल्या पायांनी चालत होते.

“नाही मरत,” ओवी म्हणाली. “नीट सांभाळलं तर खूप वर्षं जगतात.”

“मग काळजी सोड. माझ्याकडे दिलेलं काम कसं होतं, ते कराडात कुणालाही विचार.”

ओवीने कुणाला विचारलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.

ओवी शेजारच्या पुसाळकरांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत ती मंडळी उटीला निघाली होती, आणि शंखात राहणारे हे खेकडे कुणाकडे ठेवायचे यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या देवगडच्या मामाने ते आणून दिलेले. माझा नवरा त्या वर्षी कामानिमित्त परदेशी होता, म्हणून मी नाशिकहून अख्ख्या दिवाळीसाठी माहेरी आले होते. कुंपणापाशी ओवीचं रडं ऐकलं आणि बोलून बसले, “आमच्याकडे ठेव की. नाना बघतील.” नानांना विचारलं नव्हतं. ते आत जाऊन माझ्यावर भरपूर चिडले, पण एकदा शब्द गेला म्हणजे गेला, असा त्यांचा खाक्या होता.

“हा मोठा बटाटा,” ओवी ओळख करून देत होती. “ही सोनी. आणि तो मास्तर, तो सारखा वाळूत लपतो. या वाटीत गोडं पाणी, या वाटीत खारं. खारं म्हणजे जेवणातलं मीठ नाही हं आजोबा, या बरणीतलं समुद्राचं. नळाचं पाणी आधी एक दिवस उघडं ठेवायचं. खायला खोबऱ्याचा तुकडा, कधी पेरू.”

“ठीक.”

“आणि बाकी सगळं असंच राहू दे. काही हलवू नका.”

“ठीक म्हटलं ना!”

पेटीच्या कोपऱ्यात रिकाम्या शंखांचा एक ढीग होता. लहान-मोठे, काही हिरवट पडलेले, एकाच्या तोंडाशी वाळू सुकून बसलेली. नानांची नजर दोनदा तिकडे गेली. मला ती नजर लहानपणापासून ठाऊक होती. त्या नजरेखाली आमच्या घरातली कितीतरी चिंध्या, डबे, जुनी मासिकं आणि एकदा तर माझी नवी शिवणकामाची वही रद्दीत गेली होती.

पेटी ठेवायला जागा शोधायची गरज नव्हती. श्रीची खोली रिकामीच होती.

श्रीरंग माझा धाकटा भाऊ. बँकेतली चांगली नोकरी सोडून तो पुण्याला नाटकांची नेपथ्यं उभी करायला गेला, तेव्हा नानांनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गेला त्याच आठवड्यात नानांनी त्याची खोली साफ केली. पुठ्ठ्यांचे छोटे छोटे रंगमंच त्याने शाळेपासून करून ठेवले होते, ते भंगारवाल्याला गेले. कॉट वॉचमनला दिली. भिंतींना चुना लावला आणि खोलीत शेतकी खात्यातला एक साहेब भाडेकरू म्हणून आणून बसवला. “रिकामी ठेवून काय पूजा करायची आहे?” असं आईला म्हणाले.

त्याच वर्षी पावसाळ्यात श्रीला कावीळ झाली. तो बॅग घेऊन घरी आला, विश्रांतीला. नाना बाजारात गेले होते. खोलीचं दार साहेबाने उघडलं. आईने खूप गळ घातली, बाहेरच्या खोलीत गादी घालते म्हणाली, पण श्री पाणी पिऊन संध्याकाळच्या एसटीने परत गेला. त्यानंतर तो या घरात राहिला म्हणून नाही. आई गेली तेव्हाही तो तेरा दिवस स्टँडसमोरच्या लॉजवर उतरला होता आणि तिथून क्रियाकर्माला येत होता. बापलेकांचं बोलणं बंद. मी मधली पोस्टमन. दरवर्षी इथला फराळ त्याला पोचवायचा आणि तिकडची खुशाली इथे भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगायची, म्हणजे नाना ऐकतात. दर दिवाळीला मला वाटायचं, या वर्षी काहीतरी होईल. काही होत नसे.

भाडेकरू साहेबाची पुढे बदली झाली आणि आई गेल्यावर नानांनी दुसरा ठेवला नाही. खोलीत आता फक्त एक टेबल होतं. त्यावर पेटी बसली.

पुसाळकर गेले आणि नाना खेकड्यांना चिकटले. चिडून घेतलेलं काम, पण सकाळी उठल्याबरोबर आधी तिकडे. नळाचं पाणी पातेल्यात भरून त्यावर जाळी झाकून ठेवायचे. खोबरं किसून घालू की तुकडा, यावर माझ्याशी वाद घातला. मास्तर वाळूत दिसेनासा झाला की बेचैन व्हायचे. “हा रजा टाकून गेला वाटतं,” म्हणायचे. मला फार गंमत वाटत होती. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

धनत्रयोदशीला मी चकल्या तळत होते. नाना हातात एक पातेलं घेऊन बाहेर निघालेले दिसले.

“काय नेताय?”

“त्या पेटीतला कचरा. शेवाळं धरलंय सगळ्याला. घासून लख्ख केले, आता किल्ल्यावर लावायला देतो पोरांना. बुरुजांना शोभतील.”

“ओवी म्हणाली होती ना, काही हलवू नका म्हणून?”

“खेकडे कुठे हलवतोय? रिकामी टरफलं आहेत ही. आत कुणी नाही, बघितलंय मी.”

चकलीचं तेल तापलं होतं. मी बरं म्हटलं आणि सोऱ्या हातात घेतला.

कॉलनीतल्या पोरांनी मैदानाच्या कडेला मोठा किल्ला केला होता. मातीचा, वर अळीव पेरलेले, खाली चिखलाचा खंदक. नानांचे शंख त्यांनी बुरुजांवर ओळीने दाबून बसवले, गेरूने रंगवले. नाना संध्याकाळी फिरायला गेले की पाच मिनिटं तिथे थांबायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “शंख आपण दिलेत.”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोरांनी रिवाजाप्रमाणे किल्ल्यात सुतळी बॉम्ब पुरले आणि तो उडवून दिला. आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. नाना हसून म्हणाले, “झाली यांची दिवाळी.”

पाडव्याला सकाळी मी तबक तयार करत होते. त्या वर्षी इथेच होते, म्हणून नानांना ओवाळणार होते. तेवढ्यात खोलीतून हाक आली.

“मंजू! इकडे ये गं. लवकर ये.”

पेटीत वाळूवर काहीतरी पडलं होतं. पहिल्यांदा मला ते सोललेल्या कोळंबीसारखं वाटलं. पुढे दोन नांग्या आणि पाय, ते ओळखीचे, पण मागे मऊ, गुलाबीसर, वळलेलं उघडं अंग. ती सोनी होती. पलीकडे बटाटा सोनीच्या शंखात बसून खोबरं खात होता.

“हिने शंख का सोडला?” नाना म्हणाले. “काल तर बरी होती.”

नाशिकला माझी मैत्रीण वसुधा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी तिला फोन लावला. नानांच्या एका कानाला कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात फोन कायम मोठ्या आवाजावर. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मोठा वाढला असणार,” ती म्हणाली. “त्याला त्याचा शंख पुरेना. मग त्याने हिला ओढून बाहेर काढलं आणि हिचा घेतला. होतं असं. शंख नसला की अंग सुकतं त्यांचं. पण घाबरू नकोस, पेटीत रिकामे शंख ठेवलेले असतील ना? त्यासाठीच ठेवतात. एखादा तिच्यासमोर ठेव, जाईल ती आपली आपण. हॅलो? मंजू?”

नाना माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथे थांबवेना.

बटाट्याने टाकलेला जुना शंख तिथेच होता, पण त्याच्या काठाचा मोठा टवका उडाला होता. नानांनी तो सोनीपुढे धरून पाहिला. ती शिरली, आणि लगेच बाहेर आली. नानांनी चपला घातल्या, चपला कसल्या, एका पायात माझी आणि एका पायात त्यांची, आणि मैदानाकडे पळाले. मीही मागोमाग गेले.

किल्ल्याच्या जागी मातीचा ढिगारा होता. नाना गुडघ्यावर बसून तो हातांनी उकरू लागले. दोन पोरं फुसके फटाके वेचत होती, ती जवळ आली.

“काय शोधताय आजोबा?”

“शंख रे. मी दिलेले शंख.”

“ते व्हय? आमी त्येच्यातच बाम ठेवल्याला की! लई भारी उडालं. तुकडं पार त्या गटारापत्तुर गेलं.”

मोठ्या कौतुकाने सांगत होतं पोर. त्याला काय ठाऊक. नानांच्या हाताला शंखाची खापरं तेवढी लागली. एक अर्धा शंख त्यांनी फुंकून साफ केला, आरपार पाहिलं आणि खाली ठेवला.

कराडात समुद्र कुठून आणायचा? घरी येऊन नाना शोकेसपुढे उभे राहिले. तिथे आईने गणपतीपुळ्याहून आणलेला शंखशिंपल्यांचा गणपती होता. कान शिंपल्यांचे, पोट कवड्यांचं, आणि पायाशी दोन गोल, चांगले भरदार शंख.

“काढू?” मी विचारलं.

“मूर्ती आहे ती. तशीच कशी फोडायची?”

मग त्यांनी हातपाय धुतले, अक्षता आणल्या. माझे वडील, ज्यांनी उभ्या आयुष्यात वस्तू टाकताना मागे वळून पाहिलं नाही, ते शोकेसमधल्या वीतभर गणपतीची उत्तरपूजा करत होते. अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून थोडी हलवली, आणि विळीच्या टोकाने पायाचे शंख सुटे केले. आतला सरस निघावा म्हणून गरम पाण्यात घातले, दाभणाने कोरले, पुन्हा धुतले. वॉर्निशचा वास काही जाईना. समुद्राच्या मिठाच्या पाण्यात खळबळून त्यांनी ते सोनीसमोर ठेवले.

सोनी हळूहळू सरकत आली. मिशांनी तिने शंखाच्या तोंडाशी चाचपलं. एक नांगी आत घालून पाहिली. नाना पेटीवर वाकले होते, ओठ हलत होते त्यांचे. “जा गं बाई. जा. चांगलं आहे, जा.”

ती मागे फिरली. दुसऱ्याशीही तेच. मग थकून दोन्हींच्या मध्ये पडून राहिली.

दुपारी आम्ही जेवलो नाही. नाना ओल्या कापसाने तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडत बसले. मी म्हटलं, पुसाळकरांना फोन करते, तर म्हणाले, “नको. पोरीची सहल नासवू नकोस. यायची आहेच ती उद्या.” संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास सोनीचे पाय हलायचे थांबले. मी तबक घेऊन आले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

“आज मला ओवाळू नकोस.”

“नाना, अहो तुम्ही मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम कोण करतं?” ते म्हणाले. “तिने सांगितलं होतं. तूही सांगितलंस. मला वाटलं, मला जास्त कळतं.”

पुसाळकर भाऊबीजेला दुपारी परतले. ओवीचा मामा येणार होता, म्हणून तिच्या आईने सहल तशीच आखली होती. मी नानांना सांगून पाहिलं, मी बोलते तिच्याशी. किंवा एखादी गोष्ट रचून सांगू. खेकडा आजारी होता म्हणू. लहान आहे ती, विसरेल.

नाना इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले होते. “माझं काम होतं ते,” म्हणाले आणि कुंपणापाशी गेले.

ओवी धावत आली. हातात उटीच्या चॉकलेटचा डबा होता, नानांसाठी आणलेला.

“आजोबा, मास्तर वर आला का?”

“आला. मास्तर आहे, बटाटा आहे.” नानांनी कुंपणाची तार धरली होती. “सोनी गेली, बाळ. माझ्यामुळे गेली. तुझे रिकामे शंख मी किल्ल्यासाठी पोरांना देऊन टाकले.”

ओवीला आधी कळलंच नाही. ती नानांकडे बघत राहिली. “सगळे?”

“सगळे.”

“पण ते त्यांचे होते!”

“मला वाटलं, रिकामे आहेत.”

“रिकामेच पाहिजेत ना!” ओवी ओरडली. ती आता रडत होती, पण रडण्यापेक्षा तिला राग जास्त आला होता. “भरलेल्यात कसं जाणार? बटाट्याने तिला बाहेर काढलं, मग तिने कुठे जायचं होतं?”

ओवीची आई मागून म्हणाली, “अगं, आजोबांशी असं बोलतात का? असू दे हो नाना, खेकडाच तर होता.” ओवीने चॉकलेटचा डबा घट्ट छातीशी धरला आणि घरात निघून गेली. तिने माफ केलं नाही, ना तेव्हा, ना पुढे कित्येक महिने. रस्त्यात नाना दिसले की ती पलीकडच्या बाजूने जायची, आणि नाना तिला जाऊ द्यायचे.

ओवीचे बाबा पेटी घेऊन गेले. नाना श्रीच्या खोलीत टेबलापाशी उभेच राहिले. बाहेर अंधारून येत होतं. मी तबकात निरांजन, सुपारी, अक्षता घेतल्या. श्री येत नसे, त्यामुळे भाऊबीजेला मी दरवर्षी चंद्राला ओवाळायची. पश्चिमेला बीजेची कोर दिसायला लागली होती. मी अंगणाकडे निघाले.

“मंजू.”

“काय?”

“तो आला होता तेव्हा...” नाना थांबले. आमच्या घरात ‘तो’ म्हणजे कोण, हे कधी सांगावं लागलं नाही. “फार पिवळा दिसत होता का गं?”

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. खोटं बोलावं असं मला वाटलं. पण दुपारी ते स्वतः खोटं बोलले नव्हते.

“आई म्हणायची, हळदीसारखा झाला होता,” मी सांगितलं. “डोळेसुद्धा. दाराची कडी धरून उभा होता म्हणे. आत साहेबाचे कपडे वाळत होते.”

नानांनी टेबलावर सांडलेली वाळू तळहाताने गोळा केली. मग म्हणाले, “ते तबक खाली ठेव. आधी त्याला फोन लाव.”

मी फोन लावला आणि त्यांच्यापुढे धरला. पलीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता, कुठल्यातरी नाटकाचं नेपथ्य उभं राहत असावं.

“काय ताई,” श्रीचा आवाज आला, मजेत, “ओवाळलंस का तुझ्या चंद्राला?”

“ताई नाही,” नाना म्हणाले. “मी आहे.”

ठोकाठोकी चालूच होती, मग तीही थांबली. श्रीनेच कुणाला तरी खूण केली असणार. तो फोन ठेवेल या भीतीने मी डोळे मिटून घेतले.

“श्री,” नाना म्हणाले, “माझी एक चूक झाली.”

“कोणती?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच तो शब्द नानांना फार लागला. ते भिंतीला टेकत टेकत त्या उघड्या फरशीवर खाली बसले. फोन त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

“आधी खोलीची सांगतो,” ते म्हणाले. “खेकड्याची नंतर.”